छोट्या इंजिनाचं हलकं आर.सी. (रेडिओ-नियंत्रित) विमान: वजनकाट्यापासून पहिल्या उड्डाणापर्यंत

मॉडेल विमान जड होतं ते एका फटक्यात नाही. थोडा जास्त गोंद, जरा कडक बालसा (मॉडेलसाठीचं हलकं लाकूड), 'असू दे, मजबूत होईल' म्हणून लावलेली प्लायची पट्टी, आणि शेवटी शेपूट जड झालं म्हणून नाकात कोंबलेलं शिसं. मोठ्या इंजिनाच्या विमानाला शंभर ग्रॅम इकडेतिकडे झाले तरी कळत नाही. ०.८ सीसीच्या इंजिनावर तेवढ्यानं विमान उडायचं ते नुसतं फरफटतं. म्हणून हा लेख इंजिनापासून नाही, वजनकाट्यापासून सुरू करतो. एक ग्रॅमपर्यंत अचूक दाखवणारा स्वयंपाकघरातला डिजिटल काटा पुरतो, पण तो कामाच्या पाटावरच हवा, कपाटात नको.

आधी वजनाचा हिशोब

उदाहरणासाठी एक साधं, वर पंख असलेलं शिकाऊ विमान घेऊ. पंखाची लांबी ९१५ मिमी, रुंदी १५० मिमी, म्हणजे क्षेत्रफळ साधारण १३.७ चौरस डेसिमीटर. ९१५ मिमी का? बालसाच्या पट्ट्या आणि शीट बहुतेक याच लांबीच्या, म्हणजे ३६ इंची, येतात. मधोमध कापली की दोन्ही बाजूंचे स्पार (पंखाच्या लांबीभर जाणाऱ्या मुख्य काड्या) तयार, वाया काही जात नाही.

आता लक्ष्य: इंधनाशिवाय ३५० ग्रॅम. पंखाचा सांगाडा ७५, फ्यूजलाज (विमानाचं धड) ६५, शेपटीचे भाग १८. इंजिन, प्रॉपेलर आणि स्क्रू मिळून ६५. रिसीव्हर, दोन सर्व्हो (शेपटीचे हलते भाग फिरवणाऱ्या छोट्या मोटरी), बॅटरी, रेग्युलेटर, स्विच आणि पुशरॉड (सर्व्होपासून शेपटीपर्यंतची तार) मिळून ६४. आवरण २०, चाकं आणि तार २५, गोंद आणि इंधनरोधक थर १५. बेरीज ३४७. हा कागद पाटासमोर चिकटवा आणि प्रत्येक भाग पुरा झाला की त्याच्यापुढे खरं वजन लिहा. कुठे घसरलं ते तिथल्या तिथे कळतं, आणि दुरुस्तीही तेव्हाच होते.

एवढा आटापिटा कशासाठी? विमान हवेत टिकण्याचा किमान वेग वजनाच्या वर्गमुळाप्रमाणे वाढतो. ४०० ग्रॅमला हे विमान ताशी सुमारे २४ किलोमीटरला स्टॉल होईल, म्हणजे पंखाची उचल तुटेल, ६०० ग्रॅमला २९ च्या आसपास. फरक किरकोळ वाटतो. पण वजनही दीडपट आणि वेगही जास्त, त्यामुळे जमिनीवर आदळतानाची ऊर्जा सव्वादोन पट होते. हलकं विमान नाजूक असतं हा समज इथेच उलटा पडतो: ते पडतंही हळू आणि मोडतंही कमी.

इंजिन

या आकारात सर्वाधिक भेटतं ते '०४९' वर्गाचं ग्लो इंजिन, म्हणजे तापलेल्या तारेच्या प्लगवर चालणारं. ०.०४९ घन इंच, म्हणजे जवळपास ०.८ सीसी. कॉक्स कंपनीची बेब बी, ब्लॅक विडो, टी डी ही नावं जुन्या मंडळींच्या खोक्यांत हमखास सापडतात. बेब बीच्या मागेच छोटी इंधनटाकी जोडलेली असते आणि सगळं इंजिन चार स्क्रूंवर फायरवॉलला (नाकातल्या उभ्या फळीला) बसतं, म्हणून पहिल्या विमानासाठी हीच रचना सोयीची. टी डी जास्त ताकदीचं, पण त्याला वेगळी टाकी लागते आणि ते थोडं लहरीही आहे. १ सीसीच्या आसपास कार्ब्युरेटर असलेली छोटी इंजिनंही मिळतात. त्यांना थ्रॉटल (जोर कमी-जास्त करण्याची सोय) येतो, पण एक सर्व्हो वाढतो.

छोट्या डिझेल इंजिनाचा पर्यायही आहे. ती ईथर, केरोसीन आणि एरंडेल तेलाच्या मिश्रणावर चालतात, त्यांना प्लग नाही आणि बॅटरी नाही. मोठा प्रॉपेलर संथ फिरवतात, त्यामुळे सावकाश उडणाऱ्या विमानाला ती फार शोभतात. मात्र त्याच क्षमतेच्या ग्लो इंजिनापेक्षा जड असतात आणि ईथरचा वास घरच्यांना आवडेलच असं नाही.

ग्लो प्लग रे आर्डेन यांनी १९४७ मध्ये बाजारात आणला. त्याआधी स्पार्क प्लग, कॉइल आणि बॅटरी हे सगळं ओझं विमानालाच वाहावं लागे. ग्लो प्लगची प्लॅटिनमयुक्त तार सुरुवातीला १.५ व्होल्टच्या सेलनं तापवायची. इंजिन धरलं की इंधनातल्या मिथेनॉलशी होणाऱ्या उत्प्रेरक क्रियेमुळे आणि ज्वलनाच्या उष्णतेमुळे ती स्वतःच लाल राहते आणि सेल काढून घेता येतो. एवढी छोटी इंजिनं व्यवहारात आली ती यामुळे.

प्रॉपेलर ६ × ३ घ्या. पहिला आकडा व्यास, दुसरा पिच (एका फेरीत प्रॉपेलर तत्त्वतः जितका पुढे सरकतो ते अंतर), दोन्ही इंचांत. मिनिटाला १४,००० फेऱ्यांना ३ इंची पिचचा सैद्धांतिक वेग ताशी ६४ किलोमीटर होतो. आपलं विमान २४ ला स्टॉल होणारं, म्हणजे मधे भरपूर जागा आहे. पिच ४ केली तर वेग वाढेल, पण हातातून सुटताना ओढ कमी पडेल. हलक्या विमानाला तो सौदा परवडत नाही.

बालसा निवडणं हे अर्धं काम

एकाच गठ्ठ्यातल्या दोन शीटच्या वजनात दुपटीचा फरक असू शकतो. १.५ मिमी जाड, १०० मिमी रुंद, ९१५ मिमी लांब शीट घ्या. आकारमान सुमारे १३७ घन सेंटिमीटर. वजन १४ ग्रॅम भरलं तर घनता दर घनमीटरला १०० किलो, म्हणजे हलकी. २२ ग्रॅम भरलं तर १६०, म्हणजे मध्यम ते कडक. प्रत्येक शीटवर पेन्सिलीनं वजन लिहून ठेवा.

कडक लाकूड वाईट नसतं, त्याची जागा ठरलेली असते. स्पार आणि लीडिंग एजसाठी (पंखाच्या पुढच्या कडेसाठी) कडक, फ्यूजलाजच्या बाजूंसाठी मध्यम, रिब (पंखाला आकार देणाऱ्या आडव्या फासळ्या) आणि शेपटीसाठी हलकं. लाकडाच्या रेषांकडेही बघा. ज्या शीटवर ठिपक्याठिपक्यांची चमकदार नक्षी दिसते ती आडवी वाकत नाही. ती रिबसाठी उत्तम. लांब सरळ रेषांची शीट आडवी सहज वळते, ती गोलाई झाकायला वापरा. फ्यूजलाजच्या दोन्ही बाजू एकाच शीटमधून किंवा सारख्या वजनाच्या शीटमधून कापा, नाहीतर चिकटवताना एक बाजू जास्त वाकते आणि अख्खं फ्यूजलाज केळं होतं.

पंख

आराखडा सपाट पाटावर पसरा, वर पातळ प्लास्टिक घाला म्हणजे गोंद कागदाला धरत नाही. पाट खरोखर सपाट आहे ना ते पट्टी उभी धरून तपासा. पाटाचा पीळ पंखात उतरतो.

तळ सपाट असलेलं एअरफॉइल (पंखाच्या काटछेदाचा आकार) घ्या, जाडी १२ टक्के, म्हणजे १५० मिमीला १८ मिमी. ते पाटावर बसवून बांधता येतं आणि सावकाश वेगात समजुतीनं वागतं. रिब १.५ मिमी हलक्या बालसाच्या, ५५ मिमी अंतरावर. सगळ्या एकत्र टाचून एकदम घासल्या की सारख्या होतात. रुंदीच्या ३० टक्क्यांवर वर एक आणि खाली एक असे ३ × ६ मिमी स्पार. लीडिंग एज ६ मिमी चौकोनी, ट्रेलिंग एज (मागची कड) ३ मिमी जाड, २० मिमी रुंद, मागे निमुळती केलेली.

आता ज्या भागाला बहुतेक जण फाटा देतात तो: दोन स्पारांच्या मधली शिअर वेब, म्हणजे त्यांना जोडणारी उभी भिंत. १.५ मिमी बालसाचे तुकडे, रेषा उभ्या ठेवून, मधल्या तीन-चार कप्प्यांत दोन्ही स्पारांना चिकटवायचे. पंख वाकतो तेव्हा वरचा स्पार दाबला जातो आणि खालचा ताणला जातो. दोघांना एकमेकांवर सरकू न देणारं काही मधे नसेल तर वरचा स्पार वाकून मोडतो. वेबचं वजन जेमतेम तीन ग्रॅम, पण पंखाची ताकद तिच्यामुळे कितीतरी वाढते. त्याऐवजी जाड स्पार घातला तर वजन वाढतं आणि दुखणं तसंच राहतं.

एलेरॉन (पंखांच्या मागच्या कडेचे हलते भाग) नसलेल्या विमानाला डायहेड्रल (पंखांचा वर उचललेला कोन) भरपूर लागतो, कारण रडर (उभ्या शेपटीचा हलता भाग) दिल्यावर विमान कलतं ते त्याच्याच जोरावर. प्रत्येक बाजूला ६ अंश द्या. एक बाजू पाटावर सपाट ठेवून दुसरीचं टोक ९५ मिमी उचला, तेवढा कोन बरोबर मिळतो. मधल्या जोडात १.५ मिमी प्लायचा ब्रेस स्पारांना इपॉक्सीनं चिकटवा. बाकी सगळीकडे पांढरा किंवा पिवळा लाकूडगोंद किंवा पातळ सायनो (झटपट धरणारा गोंद) पुरतो. इपॉक्सी जड असते. चिकटवायला ती फक्त फायरवॉल आणि हा ब्रेस एवढ्यासाठीच राखून ठेवा.

शेपूट: इथला एक ग्रॅम म्हणजे चार ग्रॅम

गुरुत्वमध्यापासून शेपूट साधारण ५० सेंटिमीटर मागे, तर नाक १६ ते १७ सेंटिमीटर पुढे. म्हणजे शेपटीत एक ग्रॅम वाढला की तोल साधायला नाकात तीन ग्रॅम. एकूण चार.

आडव्या शेपटीचं क्षेत्रफळ पंखाच्या २२ टक्के, म्हणजे ३ चौरस डेसिमीटर. ती ३ मिमी मध्यम बालसाच्या सपाट शीटमधून कापली तर सुमारे १४ ग्रॅम भरते. तीच ४ मिमी चौकोनी हलक्या काड्यांची चौकट केली, मधे तिरप्या काड्या घातल्या, तर सहा ग्रॅमच्या आत बसते. वाचलेले आठ ग्रॅम म्हणजे एकूण बत्तीस. एका संध्याकाळच्या कामाला याहून चांगला मोबदला या विमानात दुसरीकडे कुठे मिळत नाही. उभा फिनही तसाच, पंखाच्या ८-९ टक्के. बिजागरीसाठी प्लास्टिकचे तयार तुकडे नकोत. आवरणाच्याच फिल्मची पट्टी आलटून-पालटून चिकटवली की पुरतं.

फ्यूजलाज आणि इंजिनाची बैठक

बाजू २ मिमी बालसाच्या. पंखाच्या मागच्या कडेपर्यंत आतून १.५ मिमी बालसाचा डबलर (बळकटीचा दुसरा थर), रेषा उभ्या. मागचा अर्धा भाग पोकळच ठेवा, हवं तर बाजूंना मोठे झरोके कापा. सगळा ताण पुढे आहे: इंजिन, चाकं, पंख.

फायरवॉल ३ मिमी बर्च प्लायची. दोन्ही बाजूंच्या खाचांत बसवून इपॉक्सी, आणि आतल्या कोपऱ्यांत त्रिकोणी बालसा. इंजिनाचे स्क्रू लाकडात नका पिळू, मागून ब्लाइंड नट (लाकडात रुतून बसणारी दातेरी नट) ठोका. बसवतानाच इंजिनाला दोन अंश खाली आणि दोन अंश उजवीकडे रोख द्या. मागून पाहता प्रॉपेलर घड्याळाच्या दिशेनं फिरतो, त्याची प्रतिक्रिया विमानाला डावीकडे ओढते, म्हणून उजवा रोख. पंखाला दोन अंशाचा चढ आणि शेपटीला शून्य ठेवा.

टाकी वेगळी असेल तर तिची मध्यरेषा नीडल व्हॉल्व्हच्या (इंधन कमी-जास्त करणाऱ्या सुईच्या) रेषेत ठेवा. वर-खाली झाली की नाक वळवताच इंजिन बिघडायला लागतं आणि माणूस उगाच सुईशी खेळत बसतो.

इंजिनाची जागा आणि टाकीचा कप्पा अल्कोहोलनं थोड्या पातळ केलेल्या इपॉक्सीनं आतून-बाहेरून रंगवा. ग्लो इंधन नायट्रेट डोप (मॉडेलवर लावायचा लाखेसारखा थर) विरघळवतं, आणि एरंडेल बालसात मुरलं की तिथे पुन्हा गोंद धरत नाही.

पंख रबरबँडनंच बांधा. स्क्रूनं दिसायला नेटकं दिसतं, पण पंखाचं टोक गवतात अडकलं तर रबर निसटतं आणि पंख वाचतो.

रेडिओ

दोन चॅनल बस: रडर आणि एलेव्हेटर (आडव्या शेपटीचा हलता भाग, नाक वर-खाली करणारा). थ्रॉटल नसलेलं इंजिन दोन-तीन मिनिटं पूर्ण जोरात चालतं, इंधन संपतं, आणि विमान घसरत उतरतं. नवख्याला ही रचना भीतीदायक वाटते, प्रत्यक्षात तिनं उतरण्याची शिस्त लागते.

नऊ ग्रॅमी सर्व्हो, पाच-सहा ग्रॅमचा २.४ गिगाहर्ट्झ रिसीव्हर, दोन सेलची छोटी लिथियम-पॉलिमर बॅटरी आणि ५ व्होल्टचा रेग्युलेटर. बॅटरी थेट रिसीव्हरला जोडू नका, तो जास्त व्होल्टेज सोसणारा नसेल तर जळेल. रिसीव्हर आणि बॅटरी मऊ फोममध्ये गुंडाळा, कारण १४,००० फेऱ्यांची थरथर सोल्डरचे जोड सैल करते. बॅटरीची जागा पक्की करू नका. तिला पुढेमागे सरकायला वाव ठेवला की तोल शिशाशिवाय साधतो.

पुशरॉडसाठी प्लास्टिक नळीतून ०.८ मिमी पियानो वायर. पहिल्या उड्डाणाला एलेव्हेटर वर-खाली ८ मिमी, रडर दोन्हीकडे १५ मिमी. फेलसेफमध्ये (सिग्नल गेल्यावर रिसीव्हर स्वतः घेतो त्या स्थितीत) थोडा रडर ठेवा, म्हणजे सिग्नल तुटला तर विमान लांब न जाता घिरट्या घालत खाली येईल.

आवरण आणि तोल

नेहमीची इस्त्रीनं चिकटणारी फिल्म दर चौरस मीटरला ६० ग्रॅमच्या आसपास असते, हलकी तिच्या निम्मी. या विमानाला अर्ध्या चौरस मीटरच्या आत लागते, म्हणजे फरक १२-१४ ग्रॅमचा. हलकीच घ्या. आधी सांगाडा बारीक सँडपेपरनं घासा, धूळ पुसा, मग आधी तळ आणि नंतर वरची बाजू. शेवटी फिल्म ताणताना दोन्ही टोकांची मागची कड २ मिमी वर पिळून धरा. हा वॉशआउट. त्यामुळे पंखाची टोकं मधल्या भागाच्या नंतर स्टॉल होतात आणि विमान एका बाजूला कोसळत नाही. दोन्ही टोकांचा पीळ सारखा हवा. मागून डोळ्यानं बघितलं की चटकन कळतो.

गुरुत्वमध्य लीडिंग एजपासून ४२ ते ४५ मिमी मागे, रिकाम्या टाकीवर. पंखाखाली दोन बोटं धरून तपासा. नंतर नाक आणि शेपूट धरून उचला. एक पंख सतत खाली जात असेल तर दुसऱ्याच्या टोकात एक-दोन ग्रॅम वजन घाला.

इंजिन चालवणं

इंधनात नायट्रोमिथेन १५ ते २५ टक्के, तेल २० टक्के आणि त्यातलं निदान निम्मं एरंडेल. नुसत्या सिंथेटिक तेलावर ही जुनी इंजिनं चालवू नका. इंधन कमी पडून तापली की एरंडेलच वंगण धरून ठेवतं. मिथेनॉल विषारी आहे, त्वचेतूनही शोषलं जातं, आणि त्याची ज्योत भर उन्हात जवळजवळ दिसत नाही. हात धुवा, मोकळ्या जागेत काम करा, इंधनाचा डबा इंजिनापासून दूर ठेवा.

नवीन इंजिन आधी लाकडी ठोकळ्यावर बसवून दोन-चार टाक्या जास्त इंधनावर चालवा. सुई तीन ते चार वेढे उघडा, एक्झॉस्टमध्ये दोन थेंब इंधन, प्लगला सेल, आणि स्प्रिंग स्टार्टर गुंडाळून सोडा. बेब बीसारखी रीड व्हॉल्व्हची (पातळ पात्याच्या झडपेची) इंजिनं उलटीही तितक्याच आनंदानं सुरू होतात. वारा पुढे फेकला जात असेल तर बंद करून पुन्हा सुरू करा. इंजिन धरलं की सेल काढा आणि सुई हळूहळू बंद करत न्या. आधी आवाज फाटका, अडखळता असतो, मग अचानक एकसुरी, तीक्ष्ण होतो. तिथून किंचित मागे, म्हणजे थोडं जास्त इंधन. हवेत प्रॉपेलरवरचा भार कमी होतो, फेऱ्या वाढतात आणि मिश्रण पातळ पडतं. खात्रीसाठी विमान नाक वर करून धरा. आवाज खचला तर सुई अजून थोडी उघडा.

प्रॉपेलरच्या फिरण्याच्या रेषेत उभं राहू नका, कोणालाही राहू देऊ नका. सुई नेहमी मागून हात घालून फिरवा. टवका उडालेला प्रॉपेलर फेकून द्या, चिकटवू नका.

मैदानावर

वारा मंद, गवत उंच, आजूबाजूला माणसं नसलेली जागा. तिथले उड्डाणाचे नियम आधी पाहून ठेवा. ट्रान्समीटरच्या रेंज-चेक मोडमध्ये एकदा इंजिन बंद आणि एकदा चालू ठेवून तपासणी करा. स्टिक हलवली की रडर योग्य बाजूला जातो ना, हे मोठ्यानं बोलून बघा.

आधी इंजिन बंद ठेवून वाऱ्याच्या तोंडावर, नाक क्षितिजाला किंचित खाली धरून, सरळ ढकला. वर नका फेकू. नाक उचलून डुलत गेलं तर बॅटरी पुढे. भाल्यासारखं खाली गेलं तर आधी एलेव्हेटर थोडा वर, आणि तरीही सुधारलं नाही तर बॅटरी मागे. घसरण सरळ, लांब आणि शांत झाल्याशिवाय इंजिन सुरू करू नका.

पहिल्यांदा विमान सोडायला दुसरा माणूस हवा, तुमचे दोन्ही हात ट्रान्समीटरवर. सपाट सोडायला सांगा. विमान स्वतःच चढेल, पहिले काही सेकंद त्याला हात लावू नका. उंची मिळाली की मोठी वळणं घ्या: रडर थोडा, मग सोडा, आणि वळणात नाक उतरायला लागलं की एलेव्हेटरचा हलका आधार.

घसरण नीट आहे पण इंजिनावर नाक फार उचलतं, असं झालं तर एलेव्हेटर ट्रिम करू नका, म्हणजे त्याची मधली जागा बदलू नका. घसरणीचा बसलेला तोल बिघडेल. इंजिनाच्या वरच्या दोन स्क्रूंखाली पातळ वॉशर घाला, रोख खाली जाईल. डावीकडे ओढत असेल तर डाव्या बाजूच्या स्क्रूंखाली. एका वेळी एकच बदल, आणि प्रत्येक बदल त्याच कागदावर लिहा ज्यावर वजनं लिहिली होती.

इंधन संपून आवाज थांबला की लगेच नाक थोडं खाली घ्या आणि वेग राखा. उतरण्याची दिशा त्याआधीच ठरलेली असावी: वाऱ्याच्या तोंडावर, डोक्यावरून नाही. जमिनीपासून मीटरभर राहिल्यावर एलेव्हेटर हळूहळू वर.

परत आल्यावर टाकी पूर्ण रिकामी करा आणि इंजिन कोरडं होईपर्यंत चालवून घ्या, कारण मिथेनॉल हवेतला ओलावा ओढतं आणि आतलं लोखंड गंजतं. एक्झॉस्टमधून हलक्या तेलाचे दोन-तीन थेंब सोडा, प्रॉपेलर हातानं काही वेळा फिरवा, बाहेरचं एरंडेल अल्कोहोलनं पुसा आणि तोंडं फडक्यानं झाकून ठेवा. एरंडेल सुकून पिस्टन अडकलाच तर जोर लावू नका; सिलिंडर कोमट करून इंधनाचे चार थेंब सोडले की तो सुटतो.